प्लास्टरातला हात आणि शोरूमचं उद्घाटन

वणीत आमचं घर कोळशाच्या ट्रकच्या रस्त्यावर. लाकडी खिडक्या वाळवीनं पोखरलेल्या, फटींतून काळी धूळ आत यायची आणि आईचा दमा वाढायचा. घरात आम्ही दोघीच. मी शाळेत शिकवायला जायची, आई दिवसभर त्या धुळीत. शेवटी मी खिडक्या आणि मागचं दार बदलायचं ठरवलं. गावात दुकानं तीन-चार होती. मी हे दुकान निवडलं ते एकाच गोष्टीसाठी. तिथं भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये प्रमाणपत्र लावलं होतं, की यांचे फिटर खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत शिकून आलेले आहेत.

"आपल्याकडं ऐरागैरा माणूस नाई बाई," दुकानदार म्हणाला. "समदे सर्टिफिकेटवाले."

आला तो पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला एकटा माणूस. चार खिडक्या आणि दार त्यानं दीड दिवसात उरकलं. चहा देताना मी सहज विचारलं, हे काम कुठं शिकलात?

"मी जिनिंगमधी होतो बाई, सोळा वर्सं. कापसाचे हाल तं तुमी पाहूनच राह्यले. जिनिंग बंद झाली, मंग शेठनं बलावलं."

तेव्हाच त्याचं काम थांबवायला हवं होतं. पण त्या वर्षांत गावात असे पुष्कळ होते, हमाल, गाडीवान, मापाडी, मिळेल ते करणारे. मला दया आली आणि मी गप्प बसले. ही माझी चूक, आणि ती मी नंतर कुणालाही सांगितली नाही.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. दुपारी खाणीत नेहमीचा ब्लास्ट झाला, घर हादरलं, आणि आई जिच्याखाली तांदूळ निवडत बसली होती ती खिडकी चौकटीसकट भिंतीतून सुटून तिच्या अंगावर आली. तिनं हात आडवा धरला. डोकं वाचलं, उजवं मनगट मोडलं. मी शाळेतून आले तेव्हा शेजारीण आईच्या पदरातल्या काचा वेचत होती. चौकटीला लोंबणारे स्क्रू माझ्या करंगळीएवढेही नव्हते. ते विटेत पोचलेच नव्हते, नुसत्या गिलाव्यात अडकवलेले.

मी दुकानात गेले. दुकानदारानं खुर्चीसुद्धा दिली नाही. "ब्लास्टिंगनं घरं तडकून राह्यली, तुमी खिडकीचं काय घेऊन बसले? अन् म्हातारं माणूस, खिडकीले धरून उठत असन. लोंबकळलं तं काहीबी निघते."

लोंबकळलं! त्या एका शब्दावर मी पुढचा महिना काढला. आईला चमच्यानं भात भरवायची आणि मनात दुकानदाराचा पडलेला चेहरा बघायची. कंपनीला पत्र लिहिलं, सोबत स्क्रूंचे आणि भिंतीचे फोटो. उत्तर आलं: या दुकानातला एकही माणूस आमच्याकडं शिकलेला नाही, आणि ते प्रमाणपत्र आमचं नाही. मी लगेच काही केलं नाही. दसऱ्याला त्याच्या नव्या शोरूमचं उद्घाटन होतं. मी दसऱ्याची वाट पाहिली.

त्या सकाळी आईला नवं लुगडं नेसवलं. ती म्हणाली, "मले काहून बाजारात मांडून राह्यली तू?" मी ऐकलं नाही. ऑटोत तिला बसवलं, ती मोडकी चौकट टपावर बांधली, आणि झेंडूच्या तोरणाखाली, पाहुण्यांच्या वाटेत, मधोमध उभी केली. शेजारी आई, हात गळ्यात. मग वर्गात वाचते तसं खणखणीत आवाजात कंपनीचं पत्र वाचलं.

दुकानदार पांढरा पडला. पेढ्यांचा ट्रे घेऊन फिरणाऱ्या त्या पांढऱ्या मिशांच्या फिटरकडं बोट करून ओरडला, "यानं फसवलं मले! शिकलो म्हणे!"

"कुणी शिकवलं तुम्हाला?" मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं.

त्यानं ट्रे खाली ठेवला. "कोणीच नाई बाई. शेठनं ड्रिल हातात देल्लं अन् म्हणे, जा."

पाहुणे हसले. कुणीतरी पेढा परत ट्रेमध्ये ठेवला. ते मी डोळे भरून पाहिलं. पंधरा दिवसांत कंपनीनं दुकानावरची आपल्या नावाची पाटी उतरवायला लावली. उतरवत होते तेव्हा मी शाळेला उशीर करून समोर उभी राहिले.

पुढं कंपनीनं यवतमाळहून आपले फिटर पाठवले. त्यांनी ओळखपत्रं दाखवली, गिलावा विटेपर्यंत खरवडला, लांब बोल्ट ठोकले, फटी भरल्या आणि बाहेरून बादलीभर पाणी मारून पाहिलं. एका खिडकीला अर्धा दिवस. चारही खिडक्या आणि दार त्यांनी नव्यानं बसवलं. त्यांचा साहेब म्हणाला, गावात कुणी कामसू माणूस असेल तर सांगा, आम्ही शिकवू. मला तो जिनिंगवाला आठवला. दुकानदारानं त्याला उद्घाटनाच्याच दिवशी हाकललं होतं. मी म्हटलं, नाही, कुणी नाही. माझा राग त्याच्यापर्यंतही पोचला होता. पुढं तो बायकोला घेऊन चंद्रपूरकडं गेला, असं शेजारणीकडून कळलं.

आईचं मनगट पुरतं वळलं नाही. तिची वेणी मीच घालू लागले. एकदा ती म्हणाली, "झालं समाधान तुयं?"

"झालं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"मंग केस कायले एवढे ओढून राह्यली?" ती म्हणाली.