देवाला आधी ऐकवलेलं गाणं

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. एरवी तो फोन करतो ते डाळिंबाचा भाव पडला की चढला हे सांगायला, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला आणि हात चालूच ठेवले.

"ताई," तो म्हणाला, "तुझं गाणं लय गाजाय लागलंय. सकाळपास्नं समदे तेच ऐकत्यात."

"कुठलं गाणं?"

"ते नवं. पिच्चरातलं."

ते गाणं अजून बाहेर आलेलंच नव्हतं. सिनेमा यायचा होता, त्याआधी गाणं यायचं होतं, आणि ते कधी यायचं हे ठरवणारी माणसं मुंबईत बसली होती, माझ्या माहेरच्या इंदापूर तालुक्यात नव्हे.

"तुला कुठनं मिळालं ते?"

"म्हंजे? मीच तर टाकलंय गावाच्या ग्रुपवर. स्टेटसला बी ठेवलंय."

आवाजात एवढा अभिमान की समोर असता तर कानाखालीच दिली असती. मी घाबरले की भांडते, हा माझा जुना स्वभाव. त्या दिवशी तर इतकी घाबरले होते की नीट भांडताही येईना. फोन ठेवला आणि मेथीच्या काड्याच पातेल्यात टाकत बसले.

आता हे गाणं माझ्याकडं आलं कसं ते सांगते. जळोचीला माझं सासर. हळदीच्या कार्यक्रमांत गाते, भजनात गाते, कुणी बोलावलं की बारशालाही गाते. अशाच एका लग्नात एका पाहुण्यानं माझा आवाज ऐकला आणि सिनेमाची गाणी काढणाऱ्या कंपनीपर्यंत पोचवला. त्यांना गावाकडचा, फार न घोटलेला आवाज हवा होता. बारामतीत एक लहानसा स्टुडिओ आहे, तिथं माझं गाणं रेकॉर्ड झालं. स्टुडिओवाले दादा मोठे शांत. मी सूर चुकले की काच वाजवून नुसतं हसायचे, आणि मी चिडले की चहा मागवायचे.

करार इंग्रजीत होता. आमच्या ह्यांनी तो वाचून मराठीत सांगितला. गाणं कंपनी बाहेर काढेपर्यंत कुणालाही ऐकवायचं नाही, पाठवायचं नाही, बाहेर कुठं म्हणायचंही नाही. "भांडी घासताना पण नाही?" मी विचारलं. "चालेल," हे म्हणाले, "पण नळ मोठा सोडून." आम्ही हसलो. त्या वेळी हसू येत होतं.

मग एका शब्दाचा उच्चार तपासायला कंपनीनं कच्चं गाणं माझ्या फोनवर पाठवलं. त्याच आठवड्यात मी माहेरी गेले होते. नरसिंहपूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि घर गावापासून लांब, रानात. वडिलांना, म्हणजे आबांना, मी ते गाणं एकदाच ऐकवलं, स्वयंपाकघरात, दार लोटून. लेकीनं बापाला ऐकवायचं नाही असा कुठला करार असतो, असं तेव्हा मनात आलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"कुणाला ऐकवलंस?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही. कुठल्याच माणसाला ऐकवायचं नाही, असं लिहून दिलंय. तुम्हालाही चोरूनच."

"माणसाला न्हाय," आबा म्हणाले आणि मान हलवली. मला वाटलं, समजलं त्यांना. त्यांना समजलंच होतं, फक्त त्यांच्या पद्धतीनं.

आमच्याकडं जे काही पहिलं असेल ते भैरोबाचं. डाळिंबाचा पहिला तोडा देवळात, गाय व्याली की पहिला खरवस देवळात. नवा ट्रॅक्टर घरी नंतर येतो, आधी देवळासमोर उभा राहतो. मग लेकीचं पहिलं गाणं आबा घरात कसं ठेवतील? दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा ते माझा फोन खिशात घालून देवळात गेले. फोनचा आवाज बारीक. देवाला नीट ऐकू जावं म्हणून भजनाचा माइक त्याच्यापुढं धरला. देव माणूस नव्हे, तेव्हा करार मोडायचा प्रश्नच नव्हता. चुलतभाऊ दर्शनाला आला होता. त्यानं स्पीकरमधून येणारं ते गाणं आपल्या मोबाईलवर घेतलं. आबांनी फोन परत आणून चार्जिंगला लावला आणि चहा प्यायले.

हे सगळं मला चुलतभावाचा फोन आला त्या दिवशी दुपारी कळलं. एसटीनं इंदापूर, तिथून वडापची जीप धरून मी गाव गाठलं. वाटेत वडापमधल्याच एकीनं ओळखलं. म्हणाली, "आगं, तूच ना ती? काय गातीस बाई." आणि तिच्या फोनमधून माझाच आवाज निघाला. मी खिडकीकडं तोंड केलं.

गावात तर तोंड भरून कौतुक. एक म्हातारी थांबवून माझी दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडायला लागली. मी म्हणते काढून टाका, ते म्हणतात बस, चहा घे. चुलती तर रुसलीच. "आमी ऐकूच नये म्हणतीस व्हय? एवढी मोठी झालीस?" तिला कसं सांगायचं? ती सगळी माणसं माझं भलं करायला निघाली होती. एकानं पुढं पाठवलं की ताईचं नाव आणखी दूर जाणार, एवढाच त्यांचा हिशोब.

चुलतभाऊ बागेत होता. मी जाऊन त्याच्यावर अशी ओरडले की तिथल्या बायका काम थांबवून बघायला लागल्या.

"देवाला ऐकवलं त्यात चोरी कसली?" तो म्हणाला. "आन गाणं कुणाचं? तुझंच की."

"माझं कुठलं? आवाज तेवढा माझा. शब्द दुसऱ्या कुणाचे, चाल तिसऱ्याची, वाजवणारे वेगळे, पैसा कंपनीचा. तुझ्या बागेतली डाळिंबं रंग धरायच्या आधी कुणी तोडून गावभर वाटली, आणि वर म्हणाला, बघ तुझ्या बागेचं किती नाव झालं, तर तू काय करशील?"

त्यानं हातातली कात्री बंद केली, खिशात ठेवली. मग माझ्याबरोबर गावात आला आणि घराघरात शिरून लोकांच्या फोनमधून ते गाणं स्वतःच्या हातानं काढायला लागला. मी दारात उभी राहायचे आणि तो आत जायचा. कुणी कुरकुर केली तर त्याला दम द्यायचा. संध्याकाळपर्यंत गाव साफ झालं. पण तोवर ते गावात कुठं राहिलं होतं? कुणीतरी सिनेमातल्या नटीचा फोटो लावून ते इंटरनेटवर चढवलं होतं. खाली आमच्या गावाचं नाव नाही, माझं नाव नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. बोलणं अगदी गोड, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्या म्हणाल्या, "इंटरनेटवर आलेल्या गाण्यात आवाज घुमतोय. कुणीतरी मोठ्या स्पीकरवर गाणं लावून चोरून मोबाईलवर घेतलेलं आहे. म्हणजे हे स्टुडिओतून गेलंय. तुमच्यावर आमचा संशय नाही हो. तुम्हाला कुठलं जमायला असलं काही."

सुटले, असं वाटलं. त्याच्याच मागोमाग राग आला, की मला काय अगदी अडाणी समजतात का. आणि राग विरल्यावर स्टुडिओवाल्या दादांचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

संध्याकाळी दादांचाच फोन. कंपनीनं त्यांचं पुढचं काम थांबवलं होतं, पोलिसांत तक्रार करू म्हणत होती. "ताई," ते म्हणाले, "मी ती फाइल घरी बायकोलाही ऐकवली नाही." मला काही विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी खोटं तरी बोलले असते. मी नुसतं "हो ना, हो ना" करत राहिले.

ह्यांच्या ओळखीचे एक वकील बारामतीत आहेत. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "करार मोडलात तुम्ही," ते म्हणाले. "गाणं परवानगीशिवाय लोकांत टाकलं तुमच्या चुलतभावानं. तो कॉपीराइटचा गुन्हा धरता येतो. कायद्यात त्याला कैद आहे, दंडही आहे. नुकसानभरपाईचा दावा वेगळा."

"आणि माझे वडील?"

"त्यांनी फोन नेला. पण फोन तुमचा, आणि सांभाळायची जबाबदारीही तुमची." त्यांनी चष्मा काढला. "माझं ऐका, आपण होऊन काही बोलू नका. सिद्ध करणं त्यांचं काम आहे."

गप्प बसायला वकिलानं सांगितलंय, म्हणजे ते बरोबरच असणार, असं मी स्वतःला बजावलं. तरी फोन वाजला की आधी नंबर बघायची. हे ऑफिसला गेले की मी दार लावून इंटरनेटवर ते गाणं कितीजणांनी ऐकलं ते बघायची. आकडा वाढला की घाबरायची, आणि खरं सांगते, आतून कुठंतरी बरंही वाटायचं. खाली लोक लिहायचे, ही कोण गातेय, काय आवाज आहे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की मी, जळोचीची मी.

आबा त्याच आठवड्यात आमच्याकडं आले. पिशवीत डाळिंबं होती. मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते, आणि ते निमूट सोफ्याच्या कडेला बसून होते. जेवताना ह्यांच्या तोंडून दादांचं काम थांबल्याचं निघून गेलं. आबांचा हात ताटातच राहिला.

"त्या माणसावर आळ आलाय?"

"येईल आणि जाईल," मी म्हटलं. "तुम्ही जेवा."

"फोन लाव त्या बाईला. मी सांगतो, मी केलंय म्हणून."

"तुम्ही गप बसा आबा. तुम्ही सांगितलंत की माझं गाणं गेलं. कळतंय का? माझा आवाज काढून टाकतील ते. जन्मात एकदा मिळालंय मला असं काही."

ओरडताना रडूच आलं मला. आबांनी ताटाला हात जोडले आणि उठले. "तुझं गाणं जावं असं मला वाटंल व्हय?" ते म्हणाले. "पर त्या माणसानं काय केलंय?"

मी त्यांचं ताट उचलून आत नेलं.

आबांना बोलू दिलं नाही मी. मॅडमना मीच फोन लावला. आबांचं नाव घेणारच नव्हते, पण देऊळ आलं, भैरोबा आला, मग आबा आणि चुलतभाऊही आलेच. त्या म्हणाल्या, "देवाला ऐकवलं?" हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. "सांगितलंत ते बरं केलंत. आता वरचे लोक काय ते ठरवतील."

वरच्या लोकांनी ठरवलं. दादांवरचा संशय गेला, काम त्यांना परत मिळालं. चुलतभावावर आणि आमच्यावर तक्रार नाही, त्याच्या बदल्यात मी आणखी एका कागदावर सही करायची. गाण्यावर माझा काही हक्क नाही, आवाज दुसऱ्या गायिकेचा घेतला जाईल, आणि आधीच्या आवाजातलं गाणं माझ्याकडं किंवा माझ्या माणसांकडं कुठंही शिल्लक नाही. मी सही केली. फोनमधलं गाणं ह्यांच्यासमोर पुसलं. इंटरनेटवरचं कंपनीनं काढायला लावलं, रोज एकेक नाहीसं होत गेलं.

उसाचा हंगाम सुरू झाला तसं गाणं आलं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना काही आवडलं की ते अख्ख्या रस्त्याला ऐकवतात. जळोचीतून एकामागून एक ट्रॅक्टर जायचे आणि प्रत्येकावर तेच. ती बाई चांगली गाते, उगाच नावं ठेवणार नाही. पण मी जिथं श्वास घेतला होता तिथंच ती श्वास घेते. जो शब्द मी आमच्याकडच्या पद्धतीनं जरासा लांबवला होता, तो ती तसाच लांबवते. तिला माझं ऐकवूनच शिकवलं असणार.

आबा आले होते तेव्हाही एक ट्रॅक्टर गेला. त्यांनी कान दिला. "ह्यो आवाज तुझा न्हाय ना?"

"नाही."

"तुझं देवानं ऐकलंय."

"देवानं ऐकून मी काय करू, आबा?" मी म्हटलं. ते पाणी मागून प्यायले.

ते गेल्यावर मी चुलतभावाला फोन लावला. कागदावर सही केली होती, सगळं माहीत होतं, तरी लावला. इकडचं तिकडचं बोलले, डाळिंबाचं विचारलं. मग हळूच विचारलं, "ते माझं गाणं, तुझ्याकडं कुठं राहिलंय का रे? जुन्या फोनमध्ये, कुठंतरी?"

"न्हाय ताई," तो म्हणाला. त्याला वाटलं, मी खात्री करून घेतेय. "तू सांगितलंस म्हणून समद्यांच्या फोनमधनं मी सोता काढलं. माझ्या बी. एक बी ठेवलं न्हाय, आईशप्पथ. तू आजिबात काळजी करू नगंस."

"बरं केलंस," मी म्हटलं.