तुटलेला धागा जोडायची खूण

नायगावच्या आमच्या चाळीखाली विमानतळावर न्यायला टॅक्सी उभी होती आणि गॅलरीत अर्धा मजला जमला होता. आई दह्याची वाटी घेऊन खाली आली. दीड वर्षांची ईरा माझ्या कडेवर होती, अजून एकही शब्द न बोलणारी. "काळजी करू नको गो," आई म्हणाली, "हात बोलतत ना तिचे, मगे तोंडय बोलतला." टॅक्सी सुटली तेव्हा बाबांनी दोन्ही हातांच्या चिमट्या करून एकमेकींवर घासल्या. ईराने मागच्या काचेतून तीच खूण केली आणि वळण येईपर्यंत करत राहिली.

ही खूण गिरणीतली. बाबा विणकर होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे हातांनीच बोलायचे. डोक्यावरून हात फिरवला की मुकादम आला, अंगठा तोंडाशी नेला की चहा. चिमटीवर चिमटी म्हणजे धागा तुटलाय, जोड. पुढे गिरणी गेली, बाबांचे कानही गेले, हात तेवढे राहिले. मी कामावर गेले की ईराला तेच सांभाळायचे. भूक लागली की ती पोटावर थाप मारायची. बाबा खोलीबाहेर पडले की चिमट्या घासायची. परत या, असा तिने त्याचा अर्थ लावला होता आणि बाबा खरंच परत यायचे.

मेलबर्नला डे-केअरवाल्यांना तिची काळजी वाटली, त्यांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. बाई गोड होती. म्हणाली, हातवारे करते हे चांगलंच आहे, मूल आधी हाताने सांगतं, मग शब्द येतो. ती हात करेल तेव्हा तुम्ही शब्द द्या. मी जीव तोडून शब्द दिले. पाणी, वॉटर. संपलं, ऑल डन. आधी एकेक आला, मग धो धो. एकेक शब्द आला की त्याची खूण करणारा हात खाली राहायला लागला. थेरपिस्ट खूश झाली, मीही झाले, खोटं कशाला सांगू? बाबांना शब्द ऐकू येत नाहीत, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

परवा रविवारी व्हिडिओ कॉल लावला. चाळ पाडलीय, आईबाबा भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांच्या मागची भिंत मला अनोळखी. ईरा आता चार वर्षांची. ती बडबडत होती आणि बाबा तिचे ओठ हलताना बघून हरखले होते. "बोलता गो, बोलता!" ते आईला मोठमोठ्याने सांगत होते. मग त्यांनी चिमट्या घासल्या.

ईरा थांबली. "मम्मा, व्हॉट्स ही डूइंग? आजोबांचे हात इची आहेत का, खाजतायत?"

आणि बाय करून खेळायला पळाली. बाबा स्क्रीनवरच्या आमच्या रिकाम्या सोफ्याकडे बघत चिमट्या घासत राहिले. मी फोन उशीला टेकवला आणि दोन्ही हातांनी त्यांना उत्तर दिलं. मला रडू आवरलं नाही.

तुम्ही जे तिथे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या तुम्हाला सांगते. घर म्हटलं की आता मला चाळ दिसत नाही, ती उरलेलीच नाही. बाबांची ती चार बोटं दिसतात. बाबा थकलेत. ते गेल्यावरही ही खूण माझ्या हातात राहील, पण करायची कुणाला?