व्हिएन्नात ओला झालेला गणपती

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त वाचत आलो, तेही शंका काढत. ताप आला की डॉक्टर, चोरी झाली की पोलीस, आणि जिला साक्षीदार नाही ती अफवा... मराठी दैनिकाच्या डेस्कवर उभी हयात गेली की माणूस असाच होतो. घरात देव आहेत, पण ते खातं बायकोकडे. तरी हे लिहितोय, कारण या वेळी साक्षीदार मी स्वतःच आहे. घडलं तेवढंच लिहितो.

आम्ही पेणला रामवाडीत राहतो. वसुधा, माझी बायको, माहेरची रोह्याची. शाळेतून निवृत्त झाली. मीही रिकामा झाल्यावर आम्ही एक मोठा प्रवास ठरवला – इस्तंबूल, रोम, व्हिएन्ना आणि शेवटी प्राग. प्राग शेवटी, कारण तिथे नंदू होता.

नंदू रोह्याला वसुधाच्या शेजारच्या घरातला आणि माझा कॉलेजातला मित्र. आमचं लग्न त्यानेच जुळवलं. नोकरीसाठी प्रागला गेला तो तिथलाच झाला. त्याची बायको उषा गेल्यापासून एकटा राहतो. मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. मी कधी संपादक झालो नाही, पण तो मला 'संपादक' म्हणूनच हाक मारतो. उषा गेल्यावर त्याने घरी गणपती बसवणं बंद केलं होतं. आमचा दौरा ठरला तेव्हा फोनवर म्हणाला, "या वर्षी परत बसवीन म्हणतो. येताना एक घेऊन या. वीतभर पुरे." वसुधाने फोन ठेवला आणि डोळे पुसले. दोन वर्षांत त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

मूर्ती आम्ही पेणजवळच्या जिते गावातल्या एका कारखान्यातून घेतली. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे गणपती जिथे घडतात त्याला कारखानाच म्हणतात. मूर्ती शाडूची, रंगवलेली, खाली लाकडी पाट चिकटवलेला. डोळ्यांची आखणी तिथल्या सुमनताईंनी केली, वर तांबडं फडकं बांधलं आणि वसुधाला बजावलं, "वाटेत तोंड उघडायचं नाय गो. ज्याच्या घरी बसायचा, त्यानंच पयला बघायचा." मूर्ती घरी नेताना तोंड झाकायचं ही आमच्याकडची जुनी रीत. फक्त इतक्या लांब नेताना ती कोणी पाळत असेल असं मला वाटलं नव्हतं.

वसुधाने पाळली. थर्माकोलच्या पेटीत कागदाचे बोळे घालून मूर्ती ठेवली, आणि ती पेटी तिने सामानात कधीच टाकली नाही. इस्तंबूलच्या विमानतळावर यंत्राच्या पडद्यावर सोंड दिसली तेव्हा तिथला अधिकारी हसला आणि पेटी न उघडता त्याने आम्हाला सोडलं. रोममध्ये माझा एक जुना सहकारी भेटला. त्याने दोन दिवस आम्हाला अवशेष दाखवले. पेटी त्याच्या घरी देव्हाऱ्याशेजारी राहिली. दगडी रस्त्यांनी माझे गुडघे दुखले. वसुधा म्हणाली की नदी पाहावी तर आमची कुंडलिका, ही टायबर नुसतीच नावाला मोठी. प्रवास असा छान चालला होता.

व्हिएन्नात आम्ही रविवारपर्यंत राहणार होतो. शनिवारी संध्याकाळी एका जुन्या सभागृहात वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. तो वसुधाचा हट्ट. शाळेत संगीत शिकवायची ती. तिकिटं काढून झाली होती. रविवारी दुपारी प्रागला पोचतो असं नंदूला कळवलं होतं.

शुक्रवारी सकाळी न्याहारीला खाली जायच्या आधी वसुधाने नेहमीसारखा पेटीला हात लावून नमस्कार केला, आणि हात तसाच माझ्यापुढे धरला. तळवा ओला होता. त्यावर करडी माती होती. मी पेटी उचलली, तर बूड ओलं. खोलीत वास होता तो कुठल्याही पेणकराला झोपेत ओळखता येईल... भिजवलेल्या शाडूचा.

मी शोधाशोध केली. पाण्याची बाटली कोरडी, तीही खोलीच्या दुसऱ्या टोकाला. छत कोरडं. ज्या टेबलावर पेटी होती तेही, पेटीखालची जागा सोडली तर कोरडं. खालच्या काउंटरवर विचारलं, नळ कुठेही गळत नव्हता. बाहेर कडक, कोरडं ऊन होतं. तेव्हा मी म्हटलं की पेटी उघडू, मूर्ती खिडकीत ठेवू, दुपारपर्यंत सुकेल.

वसुधा म्हणाली, "उघडायची नाही."

"फडकं राहू दे. नुसती बाहेर काढू."

"फडकंसुद्धा ओलं असणार, ते सोडावं लागेल. आणि तो आपल्या घरी बसणारा नाहीये. नंदूचा आहे."

तिचं म्हणणं असं होतं की ओला शाडू बंद पेटीत राहिला तर फुगतो, मग सुकताना तडकतो. रविवारपर्यंत थांबलो तर नंदूच्या हातात भेगाळलेला गणपती द्यावा लागेल. दोन वर्षांनी बसवतोय आणि तो तसा? म्हणजे आजच निघायचं. मी कार्यक्रमाची आठवण केली. "नंतर ऐकू कधीतरी," एवढंच म्हणाली आणि बॅग भरायला लागली. हातातली माती तिने रुमालाला पुसली.

नंदूला फोन केला. वाजला, उचलला नाही. त्यात नवल नव्हतं. फोन कोटाच्या खिशात विसरणं ही त्याची जुनी खोड. आम्ही प्रागच्या रेल्वेत बसलो. वाटभर मी कुरकुर केली, हेही नोंदवतो.

त्याचं घर जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. बेल वाजवली, दार उघडेना. आतून फोन वाजताना ऐकू येत होता. मीच लावला होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे जादा किल्ली होती. त्यांनी दार उघडलं.

नंदू स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. ओठ सुकलेले, पण शुद्धीत. पाय घसरून पडला होता, खुबा मोडला होता, हलता येत नव्हतं. इन्सुलिन, पाणी, फोन – सगळं दोन हातांपलीकडे. वसुधा त्याच्याजवळ बसली, त्याच्या ओठांना पाणी लावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज जेमतेम येत होता.

"संपादक... रविवारची पुरवणी शुक्रवारीच काढली?"

"गप पड रे," वसुधा म्हणाली, आणि परत त्याच्या ओठांना पाणी लावलं.

इस्पितळात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या प्रकृतीत तो रविवारपर्यंत टिकला नसता. मी त्यांना परत विचारलं, नक्की असंच म्हणताय का? ते म्हणाले, असंच.

दुसऱ्या दिवशी नंदूच्या घरी वसुधाने मूर्ती पेटीतून काढली, तोंडावरचं फडकं तसंच ठेवून. ते पुढे नंदूने घरी आल्यावर स्वतः सोडलं. पेटीचं बूड कोरडं. बोळे कोरडे, त्यांवर डागही नाही. फडकं कोरडं. रंगाला ओघळ नाही, मातीला भेग नाही. मूर्ती पूर्ण रंगवलेली, खाली पाट. उघडी माती कुठेच नव्हती. मग वसुधाच्या रुमालावरची माती कुठून आली? रुमालावर डाग अजून आहे. मी तो पेणला एका ओळखीच्या मूर्तिकाराला दाखवला. तो म्हणाला, शाडूच आहे. तेवढंच.

नंदू कधी पडला ते त्याला आठवत नाही. गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी पहाटे. त्यामुळे दोन्ही वेळा जुळल्या असं मी लिहिणार नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही. वसुधाला विचाराल तर ती चहा टाकायला उठते. परत आल्यावर मी सुमनताईंना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी हातातला ब्रश न थांबवता ऐकलं. म्हणाल्या, "ओला झाला असंल, सुकला असंल. माणूस बरा हाय ना?"

मी म्हटलं, बरा आहे.

"मग आनी काय पायजे तुम्हाला?"

खरं तर उत्तर पाहिजे होतं. ही बातमी माझ्या डेस्कवर आली असती तर मी ती लावली नसती. मधला एक दुवाच नाही. तो कोणी भरून दिला तर मी आभारी राहीन. पण कोणी दिला नाही तरी आता माझी तक्रार नाही. व्हिएन्नातला कार्यक्रम बुडाला, प्राग आम्ही इस्पितळाच्या भेटीच्या वेळांमधून पाहिलं. या वयात असा दुसरा प्रवास होईल असं वाटत नाही, आणि याच्याहून चांगला झाला नसता असं आम्ही दोघंही मानतो.

हे लिहीत असताना नंदूचा फोन येऊन गेला. आज काठी घेऊन नदीवरच्या पुलापर्यंत एकटा चालत गेला होता म्हणे. परत येताना पाव घेतला. तिथे ऊन पडलंय.