दिवस जात नाय

आधी चहा घ्या. आणि हसणार नाही असं कबूल करा, मगच सांगते. केलंत कबूल? बघा हं! कारण तोंडून गेलेल्या एका साध्या वाक्यापायी मी असा काही घोळ घातला की विचारू नका.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आमचं गाव धसईजवळ. हे मुंबईला गोदीत कामाला. होळीला यायचे, गणपतीला यायचे, आणि आले की झोपायचे. दोन्ही लेकी लग्न होऊन शहापूरकडे गेलेल्या. घरात मी आणि म्हैस. म्हैस तरी किती ऐकून घेणार? एकदा मी तिला थोरलीच्या सासूची सगळी हकिगत सांगायला घेतली, तर ती मध्येच उठून पाठ करून उभी राहिली!

त्यात वयही तसलंच. चाळिशी मागे पडलेली, महिन्याचं बंद झालेलं. ऐन थंडीत अंगाची आग व्हायची, घाम फुटायचा, उगाचच डोळे भरून यायचे. सांगायचं कुणाला? सवयीनं भाकऱ्या जास्त थापल्या जायच्या आणि मग मी त्यांच्याकडे बघत बसायची. खरं सांगते, इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी शेजारची भागीवैनी बैलगाडीनं मुरबाडला निघाली. तिच्या गाडीत बसून मीही वैद्यबुवांकडे गेले. वैनी बाहेर ओट्यावर बसली, मी आत.

"काय होतंय बाई?" बुवांनी विचारलं.

आता पुरुषमाणसासमोर अंगाची आग कशी सांगू? मी मान खाली घातली आणि म्हटलं, "दिवस जात नाय हो."

तुम्हाला कळलं ना मला काय म्हणायचं होतं? सकाळ झाली की संध्याकाळच होत नाही! पण आमच्या बोलीत दिवस एक असो की पुष्कळ, 'नाय' ते 'नाय'च. आणि बाईच्या तोंडून दिवस जाण्याची भाषा ऐकली की वैद्याला अर्थ एकच ठाऊक.

"कधीपासून?"

"धाकटीचं लगीन झालं, तवापासून."

मी म्हणत होते धाकटी लेक. बुवांनी धरली धाकटी सवत!

"अरेरे! आणि तिला गेले का दिवस?"

"तिला गेले की!" आजी होणार म्हणून मी एकदम खुलले.

"तिला गेले आणि तुला जात नाहीत." बुवांनी सुस्कारा टाकला. "वय झालंय तुझं. पण बघू. हे चूर्ण दुधातून घे. आणि मालकांना बोलावून घे. एकटीनं औषध घेऊन काही उपयोग नाही."

मला तर रडूच फुटलं. काय माणूस! न सांगता दुखणं ओळखलं!

बुवा दारापर्यंत आले आणि मोठ्यानं म्हणाले, "आता जड उचलायचं नाही. पाळणा हलला की पेढे घेऊन ये हो!"

मला वाटलं, धाकटीच्या बाळाचं बोलतायत. "आणते की!" मी म्हटलं. ओट्यावरच्या भागीवैनीनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं, आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

ह्यांना मुंबईला निरोप धाडला, की तुम्ही आल्याशिवाय गुण यायचा नाही असं वैद्यबुवा म्हणतात. उलट निरोप आला, "रजा नाय. औषध दुप्पट घे."

इकडे दुसऱ्याच दिवशी अंगणात ही बायकांची गर्दी! कुणाच्या हातात चिंच, कुणाच्या पदरात आवळे.

"काय गो यमुने, या वयात दिवस गेले, आन आमाला सांगितलं पन नाय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नाही म्हणायला तोंड उघडलंही होतं हो मी. पण भागीवैनीनं माझ्या चुलीवर चहा टाकला होता, कुणीतरी म्हशीला पेंढा घातला होता, आणि किती तरी महिन्यांनी माझ्या घरात माणसांचा आवाज होता. नाही म्हटलं तर या सगळ्या उठून जाणार. मी गुपचूप एक आवळा उचलला.

मग काय, रोज दुपारी बैठक! मी कमरेवर हात ठेवून उठायला शिकले. ओकाऱ्या काढायला लागले. आणि काय त्या ओकाऱ्या! मागच्या दाराशी जाऊन असा आवाज काढायची की म्हैस दावं ओढायची. पण बायका घरी गेल्या की मी एकटीच हिशोब करत बसायची. पुढे पोट कुठून आणू? खरं कळलं की पुन्हा मी आणि ते रिकामं घर.

एका दुपारी वैनी खण-नारळ घेऊनच आली. मागे बाकीच्या.

"बस पाटावर. ओटी भरायची तुझी."

आता ओटी म्हणजे काय चेष्टा आहे? खोट्यानं नारळ कसा घ्यायचा? पदर पसरायला हातच उठेना.

"नका गो भरू," मी म्हटलं. "आत कुनी नाय."

आणि जो हुंदका फुटला! बुवा, धाकटी, दिवस, सगळं रडत रडत सांगून टाकलं. आता उठतील, शिव्या देतील, जातील, म्हणून खाली मान घालून बसले. कुणी उठेचना.

"ठाव हाय आमाला," वैनी म्हणाली. "ओकारी काय भाकर खाऊन, ताट चाटून झाल्यावर येते? आन ती पन कोन बघतंय का ते बघून?"

"मग येत कशाला होता?"

"आमचं पन बंद झालंय गो. आमच्या पन अंगाची आग होते. पन घरात सासू, सासरा, पोरं. पाय पसरून बसायला, रडायला जागा हाय का कुठं? तुझ्या घरात हाय."

माझ्या रिकाम्या घराचा कुणाला हेवा वाटत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. सगळ्याच जणी डोळे पुसायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि मागोमाग रागही आला.

"म्हंजे येवढ्या ओकाऱ्या मी फुकटच काढल्या?"

"फुकट कशाला गो?" वैनी म्हणाली. "त्याच बघायला तर आमी येत होतो!"