बांधावरचे तांबडे केस

हसा खुशाल, पण हातातला चहा सांडू नका, एवढीच अट. कारण हा माझ्या हुशारीचा किस्सा आहे, आणि आख्ख्या गावाला तो पाठ आहे!

आमचं गाव चाकूरजवळ. शाळेतून रिटायर झाल्यापासून मला एकच नाद, मोबाईलवर जंगली जनावरांचे व्हिडिओ. बायको शेजारी बसून काहीबाही सांगत असते, मी 'हं' म्हणतो. तो 'हं'च नडला!

सोयाबीन काढणीला आलेलं. शेंगा तडकायला लागलेल्या. दोन दिवस उशीर, की सगळे दाणे मातीत. दुसऱ्या दिवशी कापायला बाया येणार होत्या, म्हणून बांधावर चक्कर मारायला गेलो. तर काय दिसावं? गवतात केसांचे झुपके! उकिडवा बसून चिमटीत धरले, उन्हात फिरवून पाहिले. तांबडे, मुळाशी पांढरे, मधूनच काळे. आता तुम्हीच सांगा, असलं जनावर कोणतं?

वाघ! पळत सुटणार होतो, पण कुतूहल गप्प बसू देईना. केस कागदात बांधून थेट पारावर आणले.

"गुरुजी, कुत्र्याचे असतील की!" रुक्मिणबाई म्हणाली. कापणीच्या बायांची ती म्होरकी.

"कुत्रं? मुळाशी पांढरं बघ! पोटाचा केस हाय त्यो. पूर्ण वाढलेला नर!"

नर कशावरून, ते कुणी विचारलं नाही. दुपारपर्यंत त्या नराला वाघीण मिळाली आणि संध्याकाळी दोन बछडेही झाले.

"आधी वाघ धरा गुरुजी, मग आमी विळे धरू," रुक्मिणबाईनं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रानात एकही बाई नाही. नुसत्या शेंगा तडतडतायत! माझा जीव कासावीस. शेवटी फोन करून वनरक्षक मॅडमना बोलावलं. त्यांच्यामागं सगळं गाव बांधावर आलं. मॅडमनी केस हुंगले.

"काका, वाघ मेंदी लावतो का हो?"

तेवढ्यात बायको आली. दोन दिवस ती निलंग्याला बहिणीकडं होती. गर्दी बघून ती घाबरलीच.

"आवं, काय झालं? ह्ये केस तर म्या टाकलेत! सलूनमधून गोणीभर आणले. रानडुक्कर हुंगत चालतंय, केस नाकात गेले की माघारी फिरतंय. तुमाला सांगितलं, तुमी 'हं' म्हणलात!"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या.

"काका, टोपी काढा जरा."

काढली. रविवारीच त्याच सलूनमध्ये डोकं हलकं करून आलो होतो. उरलेलं सगळ्यांना दिसलं. तांबडं, मुळाशी पांढरं!

बाया पोट धरून हसल्या आणि हसतच सोयाबीनमध्ये शिरल्या. मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात रुक्मिणबाई विळा थांबवून ओरडली,

"गुरुजी, डुकरं भितात का न्हाई, म्हाईत न्हाई. पन ज्याचे केस, त्यो मातर लई भिला!"