मतांची वही

परबकाकांच्या घरी चहा फुकट मिळत नसे. चहाच्या आधी एक रेकॉर्ड ऐकावी लागे आणि चहा झाल्यावर तिच्याबद्दल मत लिहून द्यावं लागे. त्यासाठी शंभर पानी वही होती आणि तिला सुतळीने बांधलेलं पेन होतं. पाहुणा खाटेवरून उठायला लागला की काका वही पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "मत दी. मान हालवू नको."

रेकॉर्ड एकच होती. परदेशातल्या चार जणांची जॅझ. एक पियानो, एक सॅक्सोफोन, एक माणसाएवढं उभं व्हायोलिन, तेही बोटांनी छेडलेलं, आणि ड्रम. कव्हरवर ठळक नाव ड्रमवाल्याचं. पण फोटोत तोच सगळ्यांच्या मागे, अर्धा झाकलेला. काकांना याचं फार अप्रूप होतं. "नाव ह्याचा, आणि बघ, बसलो खंय!" असं ते प्रत्येक पाहुण्याला दाखवायचे.

अंधेरी पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ही रेकॉर्ड म्हणजे चेष्टेचा विषय होता. मालवणकडचा माणूस, वीस वर्षं गिरणीत माग चालवलेले, त्याच्याकडे भजनाच्या कॅसेट असाव्यात. पण गिरणीत लॉरेन्स नावाचा त्यांचा दोस्त होता, गोराईचा, कामाने फिटर आणि लग्नांत ड्रम वाजवणारा. तो आखातात गेला तेव्हा रेकॉर्ड प्लेअर, दोन स्पीकर आणि ही रेकॉर्ड काकांच्या हवाली करून गेला. जाताना म्हणाला, "परब, यार, तूच ऐक. हा माणूस तुझ्या चार मागांसारखा वाजवतो." काकांनी ऐकलं आणि त्यांना ते पटलं. चार माग एकदम चालवणाऱ्याला चारही ठोके वेगळे ऐकू येतात, कुठला धागा तुटला ते कानाला आधी कळतं, असं ते मला समजावून सांगायचे.

वहीतली मतं मी पुढे कितीदा वाचली असतील. तळमजल्यावरच्या जोशीसरांनी लिहिलं होतं, "रीत कळते, उत्तर येत नाही." आमच्या पोस्टमनचं मत होतं, "चौघं चार गल्ल्यांनी जातात आणि शेवटी एकाच दारात उभी राहतात." काकूंचं सगळ्यात जुनं, पहिल्याच पानावर: "भांडी पडल्यासारखं वाटतं. पण वाजवणारा माणूस चांगला असावा." मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. मी लिहिलं, "छान आहे." काकांनी वाचलं आणि वही परत माझ्या मांडीवर ठेवली. "छान म्हणजे काय गो? छान तर कालवणसुद्धा आसता. नीट ऐक, मग लिही."

मला राग आला आणि त्या रागाच्या भरातच मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

पुढे रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागायला लागल्या आणि काकांचे श्रोते एकेक करून गळाले. मीच तेवढी उरले. एव्हाना बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की परबांचे कान गेलेत. गिरणी बंद पडल्यावर ते मरोळच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागले होते. मागांनी जेवढं ऐकू येणं ठेवलं होतं, तेही त्या मशीनने नेत आणलं. काकू त्यांना हाक मारायच्या ऐवजी दिव्याचं बटण खालीवर करायच्या. काका स्वतः मात्र या गोष्टीला नाव देत नव्हते. ते डाव्या स्पीकरवर तळहात टेकून बसायचे, कारण ड्रम त्या बाजूने यायचा आणि हाताला लागायचा.

एका रविवारी त्यांनी ते बोलून टाकलं. "पोरी, ड्रम हाताक लागता. सॅक्सोफोन कानाच्या अगदी जवळ गेल्यावर थोडो मिळता. पण तो काय करता, ता कळत नाय. ता तू ऐक आणि माका लिहून दी. तुझ्या लिहिण्यावरून मी त्याचो माग काढतंय." तेव्हापासून मी दर रविवारी एक पान लिहायला लागले. आज तो घाईत होता, आज रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तो रुसून गप्प बसला, असलं काहीबाही. काका ते पान आधी वाचायचे, मग सॅक्सोफोन यायचा त्या उजव्या स्पीकरला कान लावून पुन्हा रेकॉर्ड लावायचे, आणि कधीकधी त्यांचा चेहरा उजळायचा. "सापडलो," म्हणायचे.

मग मरोळला व्हायचं ते झालं. शेजारच्या कामगाराने "हात काढ!" म्हणून ओरडलेलं त्यांना ऐकू गेलं नाही. हात वाचला, नोकरी गेली. त्या रविवारी मी गेले तेव्हा ते दाढी न करता बसले होते. रेकॉर्ड लावली आणि उजवा स्पीकर मुका. ड्रम चालू, पियानो अर्धामुर्धा, सॅक्सोफोन अजिबात नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कसो आसा आज?" नोकरी गेलेल्या माणसाला आता स्पीकरही गेला, हे मला सांगवेना. मागच्या रविवारचं आठवून मी पान भरलं. काकांनी वाचलं, उजवीकडे कान लावला, बराच वेळ तसेच बसले आणि म्हणाले, "आज नाय सापडलो." असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी त्यांनी रेकॉर्ड पुन्हा लावलीसुद्धा नाही. सॅक्सोफोन आपल्याला कायमचा गेला, अशी त्यांची खात्री झाली होती. मला घरी येऊन रडू आलं, पण मी मोठं दयेचं काम करते आहे असंच मला वाटत होतं.

चौथ्या रविवारी मी लिहिलं, "शेवटी तो फार जोरात ओरडतो." काकांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच उजव्या स्पीकरवर तळहात ठेवला. ओरडणारं काहीतरी हाताला लागायला हवं होतं. त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला. मग स्पीकर भिंतीपासून ओढला. मागची वायर निघून लोंबत होती. झाडू मारताना काकूंकडून ओढली गेली असणार.

"कधीपासून?"

मी तीन बोटं दाखवली आणि मग चौथं.

त्यांनी दातांनी वायर सोलली, पीळ देऊन खाचेत बसवली. सॅक्सोफोन एकदम खोलीत आला. मी दचकले. काकांनी कान लावला, हळूहळू मान हलवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन मिनटांचा काम होता गो. नुसता सांगूक होया होता." त्यांचा आवाज चढला नव्हता. कान जाणाऱ्या माणसाचे चार रविवार मी खाल्ले होते, तेही कीव करून. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही क्वचितच.

त्यांनी वही माझ्यापुढे टाकली. त्या चारही पानांवर मला आडवी रेघ मारायला लावली आणि खाली लिहायला लावलं, "उजवा बंद होता. मला काही ऐकू आलं नाही." मग स्वतः चहा आणला. मी पुढच्या रविवारी जाऊ की नको, या विचारात होते, तर सकाळी नऊलाच त्यांनी कठड्यावरून हाक मारली. त्यानंतर वर्षभर मी जे ऐकू आलं तेच लिहिलं. कंटाळा आला तर कंटाळा आला असंही लिहिलं. त्यावर काका खूष व्हायचे.

मग खोली विकून काका-काकू गावी गेली. जाताना काकांनी प्लेअर, स्पीकर, रेकॉर्ड आणि वही बरोबर नेली. काका गेल्याचं पत्र काकूंनी दोन वर्षांनी पाठवलं आणि त्यामागोमाग पार्सलने वही आली. मी शेवटचं पान उघडलं. इतकी वर्षं सगळ्यांकडून मतं घेणाऱ्या काकांनी स्वतःचं मत कधी लिहिलं नव्हतं. ते तिथे होतं, मोठ्या, वाकड्या अक्षरात:

"आज काहीच ऐकू आलं नाही. दोन्ही स्पीकरवर हात ठेवून बघितलं. दोन्ही चालू आहेत."