बार आधी कुणाचा

कुणी शहाणा सभेत उभा राहून "शेवटी सगळंच सापेक्ष असतं हो" असं म्हणाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. उठून त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटतं. आता वय झालंय म्हणून काढत नाही, एवढंच. सगळं सापेक्ष नसतं. सापेक्षतेचा सिद्धांत मुळात असं म्हणतच नाही. पण तो न वाचता त्याचं नाव घेऊन आपल्या अंगावरची जबाबदारी झटकणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्यातल्या एकालाही मी आजवर माफ केलेलं नाही.

हा राग पुस्तकातून आलेला नाही, घरातून आलेला आहे.

आमचं गाव वडूजच्या पूर्वेला, कोरडवाहू. वडील आणि चुलते मेंढरं घेऊन हिंडले. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, मेंढरं कमी केली आणि माळाचा तुकडा नांगराखाली आणला. गावात एकाच भावकीच्या दोन वस्त्या, ओढ्याच्या अलीकडं आमची, पलीकडं त्यांची. मधल्या टेकाडावर देऊळ. एका वस्तीपासून दुसरी अर्ध्या मैलाच्या वर. जत्रेच्या दिवशी सकाळी पुजारी टेकाडावरून पिवळं निशाण हलवायचा, आणि ते दिसलं रे दिसलं की दोन्ही वस्त्यांनी आपापला उखळी बार उडवायचा. लोखंडी उखळीत दारू ठासलेली असायची, तिला पेटता काकडा लावायचा, की माळ हादरायचा. ज्यांचा बार आधी त्यांचा मान. देवावर पहिला भंडारा त्यांनी उधळायचा.

दरवर्षी भांडण ठरलेलं. आमची माणसं म्हणायची, आमचा आधी. पलीकडची म्हणायची, त्यांचा आधी. पुजारी म्हणायचा, "एकदमच झालं की रं!" पण तो कानानं जड, शिवाय त्याच्याभोवती ढोल बडवत असायचे, त्यामुळं त्याला कुणी हिंगलत नव्हतं. दोन-चार डोकी फुटायची, आणि पंच कुणाला तरी मान देऊन मोकळे व्हायचे.

कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या काही वर्षं आधीची जत्रा. आमचा बार दादानं उडवला होता. त्या वेळी भांडण इतकं पेटलं की पंचांनी भंडारा उचलायला लावला. देवासमोरची हळद मुठीत घेऊन जे बोललं ते आमच्याकडं शेवटचं, त्याच्यापुढं कोर्ट नाही. दादानं मूठ भरून भंडारा उचलला आणि सांगितलं, "आमचा बार आदी झाला. माज्या कानानं ऐकलाय." पलीकडच्या बार उडवणाऱ्या गड्यानं तसाच भंडारा उचलला आणि शब्द न बदलता तेच सांगितलं. आता दोघांतला एक खोटा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्यावर आमच्या लोकांचा तोडगा असा, की वर्षाच्या आत ज्याच्या घरात वंगाळ होईल तो खोटा. म्हणजे देवानं निकाल द्यायचा, आणि तोही कुणाला तरी चिरडून.

त्याच पावसाळ्यात दादाची मुलगी घटसर्पानं गेली. घसा धरला, श्वास घेता येईना, आणि वडूजच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच बैलगाडीत, वहिनीच्या मांडीवर संपली. सहा वर्षांचीही नव्हती.

सांत्वनाला आलेली एक बाई आमच्याच दारात बसून म्हणाली, "गळ्यानं खोटं बोलला, पोरीचा गळा गेला." हे मी ऐकलं. ती बाई मरूनही आता वर्षं झाली, तरी मला ती आवडत नाही.

मग दादाला कुणी ढोलाला हात लावू देईना. त्याच्या हातचा भंडारा कुणी कपाळाला लावेना. हे सगळं परवडलं असतं, पण वहिनीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, तोंड मात्र भिंतीकडं. गावाच्या नावानं मी बोटं मोडत होतो, पण तिला काय बोलणार? मी आपला शाळेत वाचलेलं सांगायला गेलो, की घटसर्प हा रोग आहे, जंतूनं होतो, शपथेनं नव्हे. आई म्हणाली, "रोग समद्यास्नी हाय, मग आमच्याच घरात का शिरला?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे दादाचंच मन डळमळलं. एकदा मेंढरामागं बसल्या बसल्या तो मला म्हणाला, "आरं, मला खरंच आदी ऐकू आल्ता. का मानाच्या हावंनं तसं वाटलं? तसं आसंल तर पोर मीच मारली." हे ऐकून मी उठून चालायला लागलो, कारण त्याच्यासमोर रडायची मला लाज वाटली.

पुढं मी सांगलीला कॉलेजात गेलो, विज्ञान शाखेला. तिथं पदार्थविज्ञानाचे जे प्राध्यापक होते त्यांचा मी द्वेष करत होतो आणि तो त्यांनी कष्टानं कमावलेला होता. माझं बोलणं ऐकून ते वर्गात माझ्या "न्हाई"ची नक्कल करायचे. "काय मेंढपाळ, आज कळप कुठं सोडलात?" असं म्हटल्याशिवाय त्यांची हजेरी पुरी होत नसे. पोरं खिदळायची. मी दात-ओठ खात बसायचो.

त्यांनी एका दुपारी सापेक्षतेचा विशेष सिद्धांत काढला. आधी म्हणाले, सरळ आणि एकसारख्या वेगानं जाणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाला सृष्टीचे नियम तेच असतात जे फलाटावरच्या माणसाला; आपण हलतोय की फलाट हलतोय, हे कुठल्याही प्रयोगानं ठरवता येत नाही. इथवर ठीक. मग म्हणाले, प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच भरतो. पळत्या एसटीतून पुढं दगड भिरकावला तर एसटीचा वेग त्यात मिळतो, पण दिव्याच्या उजेडात तो मिळत नाही. उजेडाकडं धावा नाहीतर उजेडापासून पळा, तो तुम्हाला त्याच वेगानं गाठणार. माझ्या गळी हे उतरेना. वाटलं, हा माणूस आपल्याला येडं बनवतोय.

मग त्यांनी फळ्यावर लांबलचक आगगाडी काढली. तिच्या दोन्ही टोकांवर वीज पडली. फलाटावर बरोबर मधे उभ्या असलेल्या माणसापर्यंत दोन्हीकडचा उजेड एकदम आला, म्हणून तो म्हणाला, विजा एकाच वेळी पडल्या. गाडीच्या मधे बसलेला माणूस मात्र पुढच्या विजेकडं धावतोय. तिचा उजेड त्याला आधी भेटला. दोन्ही टोकं त्याच्यापासून सारखीच लांब, उजेडाचा वेगही त्याच्या लेखी दोन्हीकडून सारखाच. तेव्हा त्याला म्हणावंच लागेल, की पुढची वीज आधी पडली. "आता सांगा, खोटं कोण बोलतंय?" प्राध्यापकांनी विचारलं. "कुणीच नाही," ते म्हणाले.

माझं भान राहिलं नाही, उभा राहिलो आणि गावच्या बारांची हकीकत भडाभडा सांगून टाकली. मुलीचं सोडून सगळं. शेवटी म्हणालो, "सर, म्हंजे ह्यो सापेक्षतावादच झाला की!"

वर्ग फुटला हसून. प्राध्यापक हसले नाहीत, ते जास्त वाईट. "खाली बसा. तो आवाज आहे, सापेक्षता नव्हे. आवाजाला अर्धा मैल यायला दोन-अडीच सेकंद लागतात. जो तो आपल्या उखळीशेजारी उभा, म्हणून ज्याला त्याला आपला बार आधी ऐकू येतो. तेवढा वेळ वजा करा, तुमच्या दोन्ही वस्त्यांचं एकमत होईल. सगळं वजा करूनही दोन माणसांचं 'एकाच वेळी' जुळत नाही, तिथं सापेक्षता सुरू होते, आणि त्यासाठी तुमच्या मेंढरांना उजेडाच्या जवळपास जाणाऱ्या वेगानं पळावं लागेल. आणखी एक, उगाच गावभर बोंबलू नका की सगळंच सापेक्ष आहे. एकामुळं दुसरं घडलं असेल, तर त्यांचा क्रम कुणालाच उलटा दिसत नाही."

अपमानानं कानशिलं तापली होती. त्या माणसाचं डोकं फोडावं असं वाटत होतं. आणि त्याच वेळी मला कळत होतं की त्यानं माझ्या हातात काय दिलंय. आमच्या गावानं आजवर कधी काही वजाच केलं नव्हतं. दादा खोटा नव्हता. तो पलीकडचा गडीही खोटा नव्हता. त्या मुलीच्या मरणाला कुणाचीही जीभ कारण नव्हती. जत्रा तोंडावर आली होती; वसतिगृहावर जाऊन मी वळकटी बांधली आणि गाव गाठलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे लोक दारू वाळली का बघायला एकेक बार उडवून बघायचे. त्या दिवशी सकाळीच मी ओढा ओलांडून भंडारा उचललेल्या त्या पलीकडच्या गड्याच्या दारात गेलो. त्यानं मला बसही म्हटलं नाही. म्हणाला, "तुज्या भावाची दारूच वली आसती. आदी वाजल कवा ती? पोर घालवून बी खोड जाईना व्हय?"

माझा हात शिवशिवला. पण मी दात आवळून म्हणालो, "मग आज आमचा बार तुमीच पेटवा. तुमचा दादा पेटवंल. व्हय का भ्या वाटतंय?"

भीतीचं नाव काढल्यावर तो थांबतोय होय! वहाणा घालून तो तरातरा निघाला. दादाला न्यायला मात्र मला त्याच्या पाया पडावं लागलं. "कशाला पुन्ना माजी शोभा करतूस?" असं म्हणत तो मान खाली घालून ओढ्यापल्याड गेला. मी टेकाडावर, देवळाशी थांबलो. ढोलवाल्यांना शिव्या घालून गप्प केलं. पुजाऱ्यानं निशाण हलवलं. दोन्हीकडं धूर एकदम उठला, आणि क्षणभरानं दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून टेकाडावर आले. जमलेल्या पंधरावीस माणसांनी तो एकच दणका ऐकला.

दोघं दोन बाजूंनी चढून वर आले. पंचांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाचा आदी?"

"त्येंचा," दादा म्हणाला. पलीकडचा बार त्यानंच पेटवला होता.

आणि तो गडी छाती काढून म्हणाला, "छ्या! ह्येंचा आदी. मी ह्येंच्या उखळीपाशी उबा हुतो न्हवं? लय फरकानं आदी!" एवढं बोलून त्याचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं. गेली इतकी वर्षं तो ज्याच्या नावानं थुंकत होता, त्याचीच साक्ष त्यानं आता सगळ्यांसमोर दिली होती.

मी सगळं समजावून सांगितलं. जोरात सांगितलं, दोन-तीनदा सांगितलं. लोकांनी ऐकलंही. मग तो म्हातारा पंच डोकं खाजवत म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. मग उद्याचा मान कुनाचा?"

एका पोरीच्या मढ्यावर उभं राहून ह्यांनी माझ्या भावाला खोटारडा ठरवला, आणि आता ह्यांना मानाची पडली होती! "मान घाला चुलीत," मी ओरडलो, आणखीही पुष्कळ बोललो, जे इथं लिहिता येत नाही. दादानं माझा दंड धरून मला खाली ओढत आणलं. देवळात तो गेला नाही. सरळ घराकडं निघाला.

वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. दादा दारातच उभा राहिला. "मी खोटं बोललो नव्हतो," तो म्हणाला. एवढंच. तिचे हात थांबले नाहीत. मग मी तिच्याशेजारी बसलो आणि दोन्ही बारांचं, आवाजाला लागणाऱ्या वेळाचं, आत्ता टेकाडावर जे झालं त्याचं, सगळं सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"म्हंजे पोर ह्येंच्यापायी गेली न्हाई?"

"न्हाई, वैनी. कुनाच्याबी पायी न्हाई. रोगानं गेली."

मग ती बोलली ती रागानंच बोलली, आणि तो राग माझ्यावर होता. "भावजी, सांगलीला लय शिकलायसा न्हवं? मग एक सांगा. गाडीत पोर माज्या मांडीवर गेली, तवा हे रडाय लागलं. मी म्हनलं, रडू नगासा, तुमीच मारलीसा. हे म्या म्हनलेलं आता मागं कसं घ्याचं?"

माझ्याकडं बघत ती उत्तराची वाट पाहत होती. दादा पुढं आला, उकिडवा बसला, आणि करपत चाललेली भाकरी त्यानं बोटांनीच उलटली.